पाहुणा दर आठवड्याला नवा, साथ तीच

आमच्या साप्ताहिक जॅझ मैफलीची मांडणी सोपी आहे. पियानो, डबल बास आणि ड्रम्स असं तिघांचं कायमचं त्रिकूट, दर आठवड्याला एक पाहुणा कलाकार, दोन सत्रं आणि मध्ये थोडी विश्रांती. पाहुणा कधी सॅक्सोफोनवाला असतो, कधी गायिका, कधी ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोन वाजवणारं कुणी. बास मी वाजवते. मैफल संपली की हटकून एक प्रश्न येतो, "किती दिवस तालीम केलीत?" त्याच दिवशी दुपारी, साधारण दीड तास, असं सांगितलं तर लोकांचा विश्वास बसत नाही. काहींना तर आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं. तेव्हा तो दीड तास आणि त्याच्या अलीकडचं-पलीकडचं सगळं एकदा सविस्तर लिहून काढावं म्हटलं.

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे, ही पद्धत आमची नाही. लंडनचा रॉनी स्कॉट्स क्लब १९५९ साली सुरू झाला. अमेरिकन वादकांना ब्रिटनमध्ये वाजवू देण्यावर तिथल्या वादक संघटनेचे जे निर्बंध होते ते तेव्हा नुकते कुठे सैल झाले होते, आणि तेही अदलाबदलीच्या अटीवर. तिकडून एक आला तर इकडून एक गेला पाहिजे. १९६१ मध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक झूट सिम्स लंडनला आला, तेव्हा त्याच्या बदल्यात इंग्लंडचा टबी हेज न्यूयॉर्कला वाजवायला गेला. या हिशेबात अख्खा बँड आणणं बसत नव्हतं, परवडतही नव्हतं. त्यामुळे पाहुणा एकटा यायचा आणि साथीला क्लबचं स्वतःचं त्रिकूट असायचं. त्या त्रिकुटात पियानोवर कित्येक वर्षं स्टॅन ट्रेसी होता. सोनी रोलिन्स, बेन वेब्स्टर, स्टॅन गेट्झ ही एकमेकांशी अजिबात न जुळणाऱ्या स्वभावाची मंडळी, आणि साथीला प्रत्येक वेळी हाच. आमच्या पियानिस्टचं हे दैवत.

माझं दैवत कोपनहेगनचं. बासवादक नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन. अमेरिकन पियानिस्ट बड पॉवेलबरोबर १९६२ मध्ये त्यानं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तो १५ वर्षांचा होता. पुढे तिथल्याच मॉन्मार्त्र क्लबमध्ये डेक्स्टर गॉर्डनसारख्या पाहुण्यांना त्यानं अशी साथ दिली की अमेरिकेहून एकट्यानं यायला लोकांना धीर वाटावा. पाहुण्यांच्या बाजूनंही हा रीतसर पेशाच होता. सोनी स्टिट तर वर्षानुवर्षं सॅक्सोफोन घेऊन एकटा गावोगाव फिरला. जिथे जाईल तिथले साथीदार घ्यायचे, वाजवायचं, पुढच्या गावाला निघायचं.

हे जमतं, कारण सगळ्यांना येणारा असा एक मोठा साठा आहे. त्यातल्या रचनांना आम्ही स्टँडर्ड म्हणतो. बहुतेक ३२ मात्राखंडांच्या (मात्राखंड म्हणजे बार, बहुतेकदा चार मात्रांचा गट) किंवा १२ मात्राखंडांच्या ब्लूजच्या साच्यातल्या. धून एकदा वाजवायची, तिला आमच्यात हेड म्हणतात. मग तोच साचा पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि त्यावर एकेक जण आपली भर घालतो, तो सोलो, शेवटी परत धून. तबल्याच्या आवर्तनाची सवय असलेल्याला हे समजायला वेळ लागत नाही. फरक इतकाच की इथे आवर्तनाबरोबर स्वरसंगतीही ठरलेल्या क्रमानं फिरत असते, आणि ती चुकली तर ताल सांभाळूनही माणूस रस्ता चुकलेला असतो.

पाहुणा निवडण्यावरून आमच्यात दर महिन्याला वाद होतो. पियानिस्टला नाव मोठं हवं असतं. ड्रमरला कुणी तरी तरुण आणि थोडा वेडा हवा असतो. मला मेलला वेळेवर उत्तर देणारा माणूस हवा असतो, आणि त्यावर दोघंही हसतात. पण आठवड्याच्या आठवड्याला कार्यक्रम करायचा तर माझंच म्हणणं शेवटी टिकतं. वार निवडतानाही हाच व्यवहार पाहिला. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये थॅड जोन्स आणि मेल लुईस यांचा मोठा ऑर्केस्ट्रा फेब्रुवारी १९६६ पासून सोमवारी वाजवू लागला, आणि नावं व माणसं बदलत गेली तरी तो सोमवार आजही चालू आहे. सोमवारच का? त्या रात्री इतर कामं कमी असतात, त्यामुळे चांगले वादक मोकळे सापडतात. आम्हीही आठवड्याच्या अखेरीच्या वाटेला गेलो नाही. शनिवारी ज्याला नुसतं विचारायलाही संकोच वाटेल असा माणूस आठवड्याच्या सुरुवातीला आनंदानं येतो.

होकार आला की माझं पत्र जातं. मानधन किती आणि ते त्याच रात्री मिळेल हे पहिल्या ओळीत. पोचायची वेळ, तालमीची वेळ, मंचावर काय काय आहे. मग मुख्य मागणी, दहा-बारा रचनांची यादी आणि प्रत्येकीपुढे स्वर (म्हणजे रचना कुठल्या स्वरातून वाजवायची), लय आणि शेवट कसा करायचा ते. स्वराच्या बाबतीत मी एक ओळ ठळक अक्षरात टाकते: कृपया सगळे स्वर कॉन्सर्ट पिचमध्ये, म्हणजे पियानोवर वाजतात तसे, लिहा. टेनर सॅक्सोफोनवाल्याच्या कागदावर जी लिहिलेला असतो तेव्हा पियानोवर तो एफ असतो, आणि अल्टोचा जी म्हणजे आमचा बी-फ्लॅट. एखादा पाहुणा सहज "जी मध्ये घेऊ" म्हणून मोकळा होतो आणि मंचावर पहिल्याच मात्रेला दोन वेगवेगळ्या रचना सुरू झाल्यासारखं ऐकू येतं. हे श्रोत्यांसमोर होण्यापेक्षा मेलमध्ये झालेलं बरं.

यादी परत आली की पाहुण्याचा स्वभाव निम्मा कळतो. कुणी फक्त नावं पाठवतो, म्हणजे त्याला आमच्यावर भरवसा आहे किंवा त्याला वेळ नाही. कुणी प्रत्येक रचनेचा सुबक चार्ट पाठवतो, कुठून कुठे उडी मारायची, कुठे थांबायचं, सगळं बाणांनी दाखवलेलं. आणि अधूनमधून असा कुणी निघतो जो दहाच्या दहा स्वतःच्या रचना पाठवतो, त्यातल्या चार सातच्या तालात, एक चौदा पानांची. अशा यादीचा मला राग येतो हे लपवत नाही. दीड तासात त्या कागदावरून डोळे वर काढता येत नाहीत, आणि डोळे कागदात असले की कान बंद होतात. मग मी पुन्हा लिहिते, "तुमच्या तीन घेऊ, बाकी आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या घेऊ." बहुतेक जण ऐकतात. पाहुण्यानं आपल्या रचना आणू नयेत असं मुळीच नाही. त्या तीन रचना पुष्कळदा रात्रीचा कळस ठरतात. पण आजूबाजूला मोकळी जमीन असली की कळस दिसतो.

आता दुपारचा दीड तास. त्यातला निम्मा सुरुवातीला जातो आणि निम्मा शेवटाला. अतिशयोक्ती वाटेल, पण आम्ही तालमीत बहुतेक वेळा मधलं काही वाजवतच नाही. लय कोण देणार, आधी पियानोचे चार मात्राखंड की थेट धून, धून एकदा की दोनदा. एवढं झालं की ड्रमर हात वर करतो आणि आम्ही सोलो गाळून थेट शेवटच्या धुनेवर येतो. मग शेवट. शेवटचे चार मात्राखंड तीनदा घ्यायचे का? लय पडत जाणार की तडक थांबायचं? अखेरचा स्वर लांबवायचा तर तो कोण तोडणार? मध्ये घोळ झाला तर तिघं मिळून निस्तरता येतो, शेवटाला झाला तर निस्तरायला पुढे जागाच नसते. रात्रभर उत्तम वाजवून अखेरच्या स्वरावर एक जण पुढे आणि एक मागे राहिला की श्रोते टाळ्या वाजवावं की नाही या संभ्रमात पडतात, आणि घरी जाताना तेवढंच लक्षात ठेवतात.

सोलो तालमीत का नको, याचं कारण एका ट्रम्पेटवाल्यानं आम्हाला चांगलं समजावलं, अर्थात त्याचा तसा हेतू नव्हता. त्याला सगळं पूर्ण वाजवून पाहायचं होतं. दुपारी तो असा काही वाजवला की पियानिस्टनं एका ठिकाणी हात काढून घेतले आणि नुसता ऐकत बसला. रात्री तीच रचना आली तेव्हा ट्रम्पेटवाला दुपारच्या जागा शोधत होता. त्यात ट्रम्पेट म्हणजे ओठांचं काम. ते स्नायू एकदा थकले की वरचे स्वर नुसत्या इच्छाशक्तीनं निघत नाहीत. दुसऱ्या सत्रात तो उंच जायचं टाळत राहिला, खालच्या सप्तकात हळूहळू, फार सुंदर वाजवत राहिला. पण जे दुपारी रिकाम्या खुर्च्यांना ऐकवलं ते ऐकवलंच.

लय ठरवण्याचंही असंच. पाहुणे मेट्रोनोमचा आकडा लिहून पाठवतात, १३२, १७६ वगैरे. मी आकडा पाहते, पण तालमीत म्हणते, "पहिली ओळ गाऊन दाखवा." गायला लागला की माणूस आपोआप खरी लय धरतो आणि ती कागदावरच्या आकड्यापेक्षा हमखास वेगळी निघते. मग दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी, एक-दोन मात्राखंड मनात, आणि सुरू. ड्रमर तेवढ्यात हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटणारी झांजांची जोडी, त्याच मात्रांवर मिटवायला लागतो.

साऊंडचेकबद्दल थोडक्यात: आधी ड्रम्स, मग बास, मग पियानो, सगळ्यात शेवटी पाहुणा. डबल बासचं लाकडी पोट म्हणजे आयतंच आवाज पकडणारं खोकं. स्पीकरमधून आलेला एखादा खालचा स्वर ते पकडतं आणि घूं करत बसतं. आमच्या साऊंडवाल्याला तो स्वर नेमका कुठला हे आता पाठ आहे. तिथे तो कात्री लावतो आणि मी अँपचा आवाज मला वाटतो त्याहून कमी ठेवते. पाहुण्याला मॉनिटरमध्ये, म्हणजे मंचावरच्या वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, काय ऐकू हवंय हे विचारलं की अनुभवी माणसं एकच उत्तर देतात: बास आणि पियानो थोडा. नवखे म्हणतात, मी स्वतः.

व्हायब्राफोनवाली आली त्या दुपारची गोष्ट मात्र लांबवणार आहे. पियानो सकाळीच जुळवून घेतलेला, ए म्हणजे ४४० हर्ट्झ. तिनं वाद्याच्या धातूच्या पट्ट्या मांडल्या, स्वर डुलवणारी मोटर जोडली, आम्ही ब्लूज सुरू केला आणि दुसऱ्याच मात्राखंडात पियानिस्टनं माझ्याकडे पाहिलं. काही तरी आंबट लागत होतं. थांबलो. त्यानं ए दाबला, तिनं ए वाजवला, दोन्ही धरून ठेवले. स्वर एकदम फुगायचा, ओसरायचा, फुगायचा, ओसरायचा, सेकंदाला दोनदा, घड्याळ लावून मोजावं इतका नेमका. तिचं वाद्य ४४२चं होतं. बरेचसे व्हायब्राफोन कारखान्यातून तसेच येतात. पट्ट्या तिथल्या तिथे जुळवता येत नाहीत, आणि पियानोच्या सुमारे २३० तारा त्याच दुपारी वर ओढल्या तर रात्रीपर्यंत त्या जागेवर राहतील याची हमी नाही. पियानो जुळवणाऱ्यांनी फोनवर एका शब्दात नकार दिला.

मग ठरलं असं की ती वाजवत असेल तेव्हा पियानिस्टनं जवळजवळ गप्प बसायचं. लांब स्वर नकोत, दोन हातांची भरगच्च साथ नको, फक्त मधूनच एखादा तुटक ठोका. मी तिच्या स्वराकडे झुकायचं. माझ्या बासला पडदे नाहीत, त्यामुळे बोट केसभर सरकवलं की काम होतं. मोकळ्या तारा मी तिच्या ४४२ला जुळवल्या आणि पियानोचा सोलो आला की त्या मोकळ्या तारा टाळल्या. तिनं मोटर सावकाश चालू ठेवली. त्या मुळातल्याच डुलण्यात आमचं न जुळणं बरंचसं झाकलं गेलं. गंमत म्हणजे, व्हायब्राफोन आणि पियानो दोघंही स्वरसंगती भरू शकणारी वाद्यं असल्यानं ती एकमेकांच्या पायात येतातच. मॉडर्न जॅझ क्वार्टेटमध्ये मिल्ट जॅक्सनच्या व्हायब्राफोनमागे जॉन लुईस पियानोवर किती थोडं वाजवायचा हे ज्यांनी ऐकलंय त्यांना आमचा इलाज नवा वाटणार नाही. आम्हाला तो दोन हर्ट्झच्या फरकानं शिकवला. त्यानंतर माझ्या पत्रात एक प्रश्न वाढलाय: तुमचं वाद्य कितीचं?

मैफल सुरू होते ती त्रिकुटाच्या एका छोट्या रचनेनं, पाहुण्याशिवाय. काही पाहुण्यांना हे आवडत नाही, त्यांना वाटतं आपला वेळ खाल्ला. पण श्रोते भरल्यावर सभागृहाचा आवाज बदलतो. साऊंडवाल्याला आणि आमच्या कानांना त्याची सवय व्हायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाहुण्याच्या वाट्याला येऊ नयेत. मग पाहुणा येतो तो मध्यम लयीत, ओळखीच्या रचनेवर. संथ बॅलड तिसरी किंवा चौथी. दोन रचना लागोपाठ एकाच स्वरात आणि एकाच लयीत नकोत, हे पियानिस्ट बघतो. प्रत्येक रचनेत बासचा सोलो नको, हे मी बघते, कारण बासचा सोलो सुरू झाला की लोकांना शेजाऱ्याशी बोलायचं आठवतं, आणि रात्रीतून दोनदाच बोलू द्यावं.

मंचावर बोलणं जवळपास नसतं, हात आणि डोळे असतात. पाहुण्यानं डोक्याला हात लावला की धुनेवर परत. चार बोटं दाखवली की चार-चार मात्राखंड ड्रमरशी सवाल-जवाब. मूठ म्हणजे संपवा. ऐनवेळी स्वर बदलायचा तर बोटं वर केली म्हणजे सप्तकात तितके शार्प (अर्धा स्वर चढे), खाली केली म्हणजे तितके फ्लॅट (अर्धा स्वर उतरे). एका गायिकेनं दुसऱ्या सत्रात 'बॉडी अँड सोल' सुचवलं, यादीत नसलेलं, आणि एक बोट वर केलं. एक शार्प म्हणजे जी. वाद्यांवर ही रचना साधारण डी-फ्लॅटमध्ये वाजवतात. डी-फ्लॅटमध्ये माझ्या मोकळ्या तारा जवळजवळ निरुपयोगी, जी मध्ये त्या सगळ्या कामाच्या, त्यामुळे क्षणभर बरं वाटलं. पण या रचनेचा मधला भाग, ज्याला ब्रिज म्हणतात, आधी अर्धा स्वर वर सरकतो आणि मग मूळ स्वराच्याही अर्धा स्वर खाली उतरतो. जी मधून म्हणजे ए-फ्लॅट आणि मग एफ-शार्प. बोटांना वर्षानुवर्षं एकाच जागी सवय झालेली असताना तो रस्ता दुसऱ्या गावातून काढणं म्हणजे पूर्ण वेळ मनात पाढे म्हणत चालणं. गायिकेला यातलं काही जाणवू द्यायचं नाही हेच आमचं काम. ती शब्द मागे खेचत होती, एखादी ओळ मात्रेच्या बरीच नंतर सोडत होती, आणि आम्ही तिच्यासाठी थांबत नव्हतो. थांबलो असतो तर तिच्या मागे रेंगाळण्याला अर्थच उरला नसता.

गायिका चुकून आधी किंवा उशिरा आली तर मात्र नियम साधा, तिच्या मागे जायचं. शब्द परत घेता येत नाहीत. वादक चुकला तर? इथे मतभेद आहेत. बी-फ्लॅटमधला, झपाट्यानं चालणारा ३२ मात्राखंडांचा साचा घ्या, आठ-आठचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा सारखे, तिसरा तेवढा वेगळा, तो ब्रिज, डी-सेव्हन या स्वरसंगतीवर सुरू होणारा. एक फेरी संपून दुसरी सुरू होते तेव्हा सारखे भाग लागोपाठ तीन येतात, २४ मात्राखंड तेच ते. जगातले निम्मे वादक हरवतात ते इथेच. म्हणून ब्रिजच्या पहिल्या मात्रेला डी ठासून द्यायचा आणि ड्रमरनं तिथे सिंबलचा ठोका टाकायचा, ही साथीची पहिली जबाबदारी. शक्यतो साचा धरून ठेवावा, हरवलेला माणूस ऐकून परत येतो, असं माझं मत.

एका रात्री टेनर सॅक्सोफोनवाला पाहुणा याच साच्यावर रंगात आला होता. लोक ओरडत होते. त्यानं नव्या फेरीच्या पहिल्या आठ मात्राखंडांनंतर थेट ब्रिजमध्ये उडी घेतली, आठ मात्राखंड आधी. बी-फ्लॅटच्या घरात एकदम एफ-शार्प ऐकू आला, म्हणजे डी-सेव्हनचा गंधार, त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. पियानिस्टची मान वर आली. मी अजून बी-फ्लॅटवर होते, ठरल्याप्रमाणे साचा धरून. तेवढ्यात ड्रमरनं पाहुण्याबरोबर सिंबलवर ठोका हाणला. म्हणजे दोघं तिकडे, मी इकडे, पियानोचे हात हवेत. या वेगात विचार करायला मात्राभराचाही वेळ नसतो. दुसऱ्या मात्राखंडाच्या पहिल्या मात्रेला मी डी वर गेले आणि त्याच क्षणी डाव्या बाजूनं पियानोचा डी-सेव्हन आला. ती फेरी ३२ऐवजी २४ मात्राखंडांची झाली. श्रोत्यांपैकी कुणाला काही कळलं नाही, उलट तिथेच सगळ्यात मोठी टाळी पडली. विश्रांतीत पाहुणा घाम पुसत आमच्याकडे आला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "छान वाजवलंत, पण तो ब्रिज तुम्ही जरा लवकर आणलात." पियानिस्टनं "हो का, पुढच्या वेळी लक्ष ठेवतो" म्हणून हातातला ग्लास तोंडाला लावला. ड्रमर तिथून उठूनच गेला.

पाहुण्याला खिंडीत गाठण्याची परंपराही जॅझमध्ये आहे, हे सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या मिंटन्स प्लेहाऊसमध्ये १९४०च्या सुरुवातीला थेलोनियस मंक आणि केनी क्लार्क तिथल्या कायमच्या बँडमध्ये होते, आणि वाजवायला येणाऱ्या कच्च्या मंडळींना वाटेला लावण्यासाठी ते अवघड स्वर आणि बदललेल्या स्वरसंगती काढत, असं सांगितलं जातं. त्यातूनच पुढे बीबॉप ही जॅझची नवी शैली घडायला मदत झाली, त्यामुळे तक्रार करता येत नाही. आमच्या ड्रमरला हा किस्सा फार प्रिय. पण ती जॅम सेशनची जागा होती, येणारा स्वतःहून आखाड्यात उतरायचा. आम्ही माणसाला बोलावलेलं असतं. त्याबाबत मी मॅरियन मॅकपार्टलंडच्या बाजूची. तिचा रेडिओवरचा साप्ताहिक कार्यक्रम १९७९ साली सुरू झाला, पहिली पाहुणी मेरी लू विल्यम्स, आणि पुढची कित्येक वर्षं ती एकेका पाहुण्याशी गप्पा मारत, त्याच्याबरोबर पियानोवर बसत गेली. समोरचा जसा वाजवतो त्याप्रमाणे ती बदलायची, तरी दोन मिनिटं ऐकलं की ही मॅकपार्टलंड हे ओळखू यायचं.

नेमाच्या श्रोत्यांना ही गंमत आता कळायला लागली आहे. सुरुवातीला ते पाहुण्यासाठी यायचे. आता काही जण आम्हाला बघायला येतात, आज हे तिघं काय होणार म्हणून. मागे एका ट्रॉम्बोनवाल्यानं इतकं मऊ वाजवलं की ड्रमरनं काठ्या खाली ठेवून ब्रशेस घेतले आणि रात्रभर काठ्या उचलल्याच नाहीत. काही आठवड्यांनी तीच रचना एका दणदणीत अल्टोवाल्यानं मागितली. पहिल्या रांगेतल्या एक बाई नंतर म्हणाल्या, "ही त्या दिवशीची नव्हतीच." स्वर तोच होता, साचा तोच होता, मी बहुतेक तेच खालचे स्वर वाजवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ध्वनिमुद्रण ऐकते, पूर्ण नाही, फक्त जोड. पाहुण्याचा सोलो संपून पियानोचा सुरू होतो ती जागा, धून परत येते ती जागा, शेवट. बाकीचं पाहुण्याला पाठवून देते. मग पुढच्या पाहुण्याच्या यादीचा पाठपुरावा.

या वेळची यादी आली आहे. क्रोमॅटिक हार्मोनिका. वाद्य ४४२चं, हे न विचारता पहिल्याच ओळीत लिहिलंय, म्हणून तो माणूस मला आत्ताच आवडलाय. पियानो आदल्या दिवशीच वर घ्यायचा असं जुळवणाऱ्यांशी बोलून ठेवलंय. दहापैकी सहा बॅलड आहेत, त्यातल्या दोन मी त्याला बदलायला सांगणार आहे. हार्मोनिकाचा आवाज लहान, त्यामुळे संपूर्ण रात्र ब्रशेसवर काढावी असं पियानिस्टचं म्हणणं. ड्रमरनं अजून होकार दिलेला नाही.